किडनी बिघडवणारी गोळी कोणती?

‘किडनी वाचवा, गोळ्या सोडा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या कोल्हापुरातल्या नातेवाइकांच्या आणि तालीम-मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: बीपी आणि शुगरच्या गोळ्यांनी किडनी निकामी होते, बीपी नॉर्मल आले की गोळी बंद करावी, गुडघेदुखीची गोळी अधूनमधून घेतल्याने काही होत नाही, एक्सपायरी डेट ही कंपन्यांची चाल आहे, जेनेरिक औषधे नकली असतात, पॅरासिटामॉलमध्ये ‘माचुपो’ नावाचा विषाणू सापडला आहे, आणि या सगळ्यावर उपाय म्हणजे एक चूर्ण. एरवी असले काही न वाचताच पुसून टाकले असते. परंतु मंगळवार पेठेतल्या माझ्या आत्याने हा संदेश प्रमाण मानून बीपीची गोळी परस्पर बंद केली आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गुडघेदुखीची, डायक्लोफिनॅक नावाची गोळी मात्र चालू ठेवली, म्हणून हा खटाटोप.

पहिल्या दाव्यात कारण आणि परिणाम यांची सरळ उलटापालट केलेली आहे. बीपी-शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या अनेकांची किडनी पुढे बिघडते, हे खरेच आहे. पण ती बिघडते ती वर्षानुवर्षे वाढलेल्या रक्तदाबाने आणि साखरेने किडनीतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब केल्यामुळे. दीर्घकालीन किडनीविकाराची जगभरातली दोन प्रमुख कारणे हीच आहेत. गोळीचा परिणाम थेट तपासणारा ‘रेनाल’ नावाचा अभ्यास २००१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहामुळे किडनीला आधीच इजा झालेल्या १,५१३ रुग्णांपैकी काहींना लोसार्टन ही बीपीची गोळी आणि उरलेल्यांना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी देण्यात आली. इतर उपचार दोन्हीकडे चालूच होते. सरासरी ३.४ वर्षांच्या पाहणीत लोसार्टन घेणाऱ्यांमध्ये किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका २८ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे संदेश जिला किडनीचा शत्रू ठरवतो, त्या जातीची गोळी डॉक्टर किडनी वाचवण्यासाठी देतात.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागेल. लोसार्टन, टेल्मिसार्टन या गटातली गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन (किडनीचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातला घटक) थोडे वाढू शकते, पोटॅशियमही वाढू शकते. म्हणून रक्ततपासणी करावी लागते, आणि ती करून घ्या असे स्पष्ट सांगण्याइतका वेळ गर्दीच्या ओपीडीत अनेकदा मिळत नाही. पण यातून निष्कर्ष निघतो तो तपासणी करण्याचा. गोळी सोडण्याचा नव्हे.

‘नॉर्मल आले की बंद करा’ हा सल्ला फसवा का ठरतो, तेही पाहू. बीपी नॉर्मल येते ते गोळी चालू असते म्हणून. ॲम्लोडिपिनसारखी गोळी शरीरातून निम्मी बाहेर पडायलाच साधारण ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे गोळी सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोजलेला रक्तदाबही बराचसा ठीक दिसतो, माणसाची खात्री पटते, आणि नंतर तो चढतो तेव्हा मोजायला कोणी जात नाही, कारण वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतच नाही. अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल या बीपीच्या गोळ्या एकदम थांबवणे हे तर हृदयविकार असलेल्या माणसाला थेट धोक्याचे असते. वजन आणि मीठ कमी केल्यावर काहींचा डोस उतरतो, हे खरे. पण तो डॉक्टर उतरवतात.

आता ती ‘निरुपद्रवी’ गुडघ्याची गोळी. या संपूर्ण संदेशात मला सर्वांत संतापजनक वाटते ते हे, कारण किडनीची भीती जिथे खरोखर बाळगायला हवी, नेमका तिथेच अभय दिलेला आहे. किडनीत येणाऱ्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवण्याचे काम शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये करतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफिनॅक ही वेदनाशामके त्यांचीच निर्मिती रोखतात. तरुण, निरोगी माणसाला दोन दिवसांत सहसा काही होत नाही. पण वय झालेल्या, लघवी वाढवणारी गोळी आणि टेल्मिसार्टन दोन्ही घेणाऱ्या व्यक्तीने जुलाबाने अंगातले पाणी कमी झालेले असताना त्यात डायक्लोफिनॅकची भर घातली, तर किडनी थोड्या दिवसांतही बंद पडू शकते. शिवाय ही वेदनाशामके बीपी वाढवतात ते वेगळेच. याच डायक्लोफिनॅकने, औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन, भारतातली गिधाडे किडनी निकामी होऊन मेली आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गिधाडांचे शरीर या औषधापुढे आपल्यापेक्षा कितीतरी दुबळे असते, हे कबूल. तरीही चणे-फुटाण्यांसारखी मागून घ्यायची ही वस्तू नव्हे. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉलचा विचार होऊ शकतो, तोही दिवसाला चार ग्रॅमच्या आत आणि यकृत ठीक असेल तर. सर्दीच्या गोळीतही बहुधा तेच असते, ते त्या हिशेबात धरावे.

बाकीच्या दाव्यांना फार वेळ देण्याची गरज नाही. माचुपो हा दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियात उंदरांमार्फत पसरणारा विषाणू आहे. तो कोरड्या गोळीत तग धरत नाही. मुदत संपलेल्या काही औषधांचा कस नंतरही टिकतो, हे अमेरिकी लष्कराच्या साठ्यांच्या तपासणीत दिसलेले आहे; पण ते साठे सीलबंद आणि योग्य तापमानात ठेवलेले होते, कोल्हापूरच्या पावसाळ्यात मोरीजवळच्या फळीवर नव्हे. इन्सुलिनच्या बाबतीत किंवा छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या गोळीच्या बाबतीत हा जुगार खेळूच नये. दर्जात नापास झालेल्या औषधांची यादी केंद्रीय औषध नियंत्रण संघटना दरमहा जाहीर करते आणि त्यात ब्रँडेड औषधेही असतात, तेव्हा केवळ जेनेरिकवर ठपका ठेवण्यात अर्थ नाही.

राहिले ते चूर्ण. त्यात काय आहे, किती आहे, हे संदेशात कुठेही नाही. मधुमेह किंवा रक्तदाब बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मनाई आहे. संदेशाच्या शेवटी मात्र मागणी नोंदवण्यासाठी मोबाइल क्रमांक दिलेला आहे.