आवाज कुणाचा?

बेळगावात गोवावेसच्या चौकात गाडी वळवली आणि मागे धाडकन काहीतरी पडलं. मला वाटलं, कुणाच्या तरी टेम्पोतून घमेलं पडलं असेल. मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ काका, तुमचंच हाय बगा ते!" उतरून पाहिलं तर माझ्याच गाडीच्या सायलेंसरचा डबा रस्त्यावर आडवा पडून वाफा सोडत होता. उचलायला गेलो आणि हात भाजला. शेवटी सीटवरच्या उशीत गुंडाळून तो बाळंतिणीच्या पोरासारखा शेजारच्या सीटवर ठेवला, पट्टा लावला आणि गाडी चालू केली.

आणि काय सांगू! गेली कित्येक वर्षं खालमानेनं कुरकुरणारी गाडी डरकाळी फोडत होती. भाजीवाल्या बायका वळून बघत होत्या. कॉलेजची पोरं मोबाइल काढत होती. माझं वय त्रेपन्न. घरात माझा आवाज स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन परत येतो, ऑफिसात तर तोंडातून निघतच नाही. त्या दिवशी गोवावेस ते टिळकवाडी एवढ्या अंतरात पहिल्यांदा वाटलं, की आपण आलो की लोकांना कळतं. डबा पडल्याचं दुःख करायचं सोडून मी पहिल्या रेल्वे गेटापासून उगाचच एक चक्कर जास्त मारून घरी गेलो. पुढचे तीन महिने जे काही घडलं, ते सगळं त्या जास्तीच्या चकरेमुळे.

आधी गाडीबद्दल सांगतो. ती आहे सॅन स्टॉर्म. १९९८ साली बाजारात आलेली, गोव्यात तयार झालेली, दोनच सीटांची, फायबरच्या अंगाची स्पोर्ट्स कार. बॉनेटखाली रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, साठ हॉर्सपॉवरचं. हल्ली बायका-पोरांना घेऊन लग्नाला जायच्या गाड्यांनासुद्धा याहून जास्त ताकद असते, हे मला माहीत आहे, सांगू नका. मी ती मडगावच्या एका गृहस्थाकडून तिसऱ्या हातानं घेतली. पुढचं मडगार्ड एकदा फुटलं तेव्हा ते पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्या माणसानं सांधून दिलं, आणि टाकीसारखंच पक्कं दिलं. आमचे शेजारी, मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदारकाका, गाडी पहिल्यांदा बघून म्हणाले होते, "ही चालवायची की पांघरायची?"

डबा सडला त्यात गाडीचा दोष नव्हता, माझा होता. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. लांबचा प्रवास असेल तर सगळं तापतं आणि वाफ बाहेर पडते. माझं ऑफिस घरापासून अडीच किलोमीटरवर. सायलेंसर तापेपर्यंत मी पार्किंग शोधत असतो, आणि पाणी डब्यात तसंच बसून राहतं. त्यावर बेळगावचा पाऊस बाहेरून. साधा पत्रा आतून-बाहेरून असा किती वर्षं तग धरणार?

या गाडीचा नवा डबा दुकानात मिळत नाही, कारण गाडीच केव्हाची बंद झाली. म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा बसवायचा किंवा करून घ्यायचा. पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, घ्यायचा तर अक्रापोविचचा घे. स्लोव्हेनियाची कंपनी आहे. टायटॅनियम!" फोन स्पीकरवर होता. आई शेंगा सोलत बसली होती, तिनं विचारलं, "अकरा काय म्हणाला?" किंमत ऐकल्यावर मीही तेच विचारलं. तेवढ्या पैशांत माझ्यासारख्या दोन गाड्या आल्या असत्या, सायलेंसरसकट.

मग ऑटोनगर. तिथल्या मिस्त्रींनी गाडीखाली वाकून पाहिलं, उठून हात पुसले आणि विचारलं, "आवाज कसला पायजे?" हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारलेला नव्हता. मी गडबडलो. म्हटलं, "जरा भारदस्त." ते म्हणाले, "बुलेटसारखा? पॉप-पॉप? की बेस?" टेलरनं विजारीची मापं घ्यावीत तशा तयारीत ते उभे होते. मी म्हटलं, "म्हणजे बघा, आलेला कळावा, पण कुणी शिव्या घालू नयेत." यावर मिस्त्री जे हसले, त्याचा अर्थ मला नंतर कळला.

सायलेंसर दोन जातींचे असतात. एकात आडव्या भिंती घालून खोल्या केलेल्या असतात. जुन्या वाड्यात परसदारी पोरांनी घातलेला दंगा स्वयंपाकघर, माजघर ओलांडून सोप्यावर येईस्तोवर जसा विरून जातो, तसा त्या खोल्यांतून आवाज विरतो. दुसरा आरपार. मधून भोकं पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती ग्लास वूल ठासलेली. वायूला अडथळा नाही, पण आवाज मोठा. शिवाय वूल वर्षा-दोन वर्षांत जळत, उडत जाते, आणि मग राहतो नुसता पत्र्याचा डबा. मला अर्थातच दुसरा हवा होता. "पाच घोडे तरी वाढतील," मिस्त्री म्हणाले. साठ घोड्यांच्या गाडीला नुसता डबा बदलून पाच घोडे मिळाले असते, तर गाडी बनवणाऱ्यांनीच ते दिले नसते काय? मी स्वतः पाच किलो कमी केले तर गाडी जास्त पळेल, असं आमच्या हिचं मत पडलं.

पाइपच्या मापावरून वेगळं महाभारत झालं. मिस्त्री अडीच इंचीवर ठाम. माझा एक शाळूसोबती उद्यमबागेत हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात आहे. तो म्हणाला, "बाराशे सीसी पण नाही रे तुझं इंजिन. अडीच इंची पाइप म्हणजे पोरानं आज्जाचा पायजमा घातल्यासारखं दिसंल. बागेत पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा का धरतोस?" जरा वेग राहिला तरच आधीचा धूर पुढे पळताना मागच्याला ओढून घेतो. पाइप फार रुंद केला की तो रेंगाळतो आणि कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला कमी फेरे घेत असताना, गाडीची ओढ मरते. चढाला ते चटकन कळतं. शेवटी पावणेदोन इंचावर तह झाला. मिस्त्री दोन दिवस रुसले होते.

आता स्टील. स्टेनलेस म्हणून सांगतात त्यात ३०४ असतं आणि ४०९ असतं. ३०४ ला लोहचुंबक चिकटत नाही, ४०९ ला चिकटतो. मी फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट गुपचूप खिशात घालून ऑटोनगर गाठलं. दुकानदारानं "थ्री नॉट फोर" म्हणून दाखवलेल्या पाइपला तो लावला, तर गणपती असा बसला की विसर्जनापर्यंत उठायचा नाही. दुकानदारानं गणपतीला नमस्कार केला आणि आतून दुसरा पाइप आणला. त्याला गणपती बसेना. मी विजयी मुद्रेनं मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांनी तो पाइप मशिनवर घालून बाक दिला, माझ्या हातातून गणपती घेतला आणि बाकावर ठेवला. घसरला, पण सावकाश, जणू मोदक राहिला होता मागे. "वाकवलं की ३०४ पण थोडं धरतं," ते म्हणाले. "आणि ४०९ काय वाईट न्हवं साहेब, कंपन्या तेच घालतात." म्हणजे ज्या परीक्षेसाठी मी घरातला देव पळवला, तिच्यात दुकानदार खोटा ठरला आणि मी अडाणी. संध्याकाळी हिनं विचारलं, "फ्रिजवरचा गणपती कुठाय हो?" गणपती खिशातच होता, आणि त्याच खिशात घरच्या किल्ल्या त्याला घट्ट बिलगून होत्या.

साडेअकरा हजारांत आरपारचा डबा बसला. जोड आर्गॉन वेल्डिंगचे, नाण्यांची चळत आडवी केल्यासारखे सुरेख. मी ते बघायला चार वेळा जमिनीवर आडवा झालो. चालू केल्यावर आवाज असा आला की ऑटोनगरमधल्या दोन कुत्र्यांनी जागा बदलली.

रविवारी पहाटे साडेपाचला गोव्याला जायला म्हणून गाडी काढली. गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा गेलो नव्हतो, तोवर सुभेदारकाका लुंगीवर फाटकात हजर. "काय करूलैस बे? गाडी चालू करूलैस की मळणीचं मशीन?"

"काका, सकाळ झाली की."

"सहा वाजेपर्यंत रात्र असती. कायद्यानं!" काका घड्याळ दाखवत म्हणाले.

दुर्दैवानं ते खरं होतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र दहा ते सहा. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आकडा दहानंच उतरतो, पण डेसिबलचा हिशेब निराळा. दहा उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो. म्हणजे कायदा रात्री निम्म्या आवाजात बोलायला सांगतो, आणि मी दुपटीनं आरवत होतो. गोव्याचा बेत तिथंच बारगळला. आई आतून म्हणाली, "तरी मी म्हणते, कुणाच्या वरातीतला बँडवाला आला पहाटे पहाटे!"

दोन दिवसांनी कॅम्पात एका हॉस्पिटलसमोर पोलिसानं हात केला. हॉस्पिटलपासून शंभर मीटर शांतता क्षेत्र, हे मला पाठ होतं. नुकतंच पाठ केलं होतं. त्यानं गाडीला एक फेरी मारली, मागे वाकून पाहिलं.

"एन्री इदु? सायलेंसर इल्लेन्री?"

"ऐती, ऐती," मी माझ्या ठेवणीतल्या कन्नडमध्ये म्हणालो. "होसदु." म्हणजे, आहे की, नवा आहे.

"होसदु?" त्यानं अशा चेहऱ्यानं विचारलं, की मलाच त्याची दया आली. मग तो शुद्ध मराठीत म्हणाला, "काका, तुमच्या वयाला शोभतंय काय हे?" मोटार वाहन कायद्याचं कलम १९०. दंड दहा हजारांपर्यंत, वर लायसन्स तीन महिने जाऊ शकतं, तुरुंगही लिहिलेला आहे. शहरोशहरी बुलेटचे सायलेंसर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात, ती चित्रं माझ्या डोळ्यांसमोरून गेली. माझे वेल्डिंगचे जोड! त्यानं दंड केला नाही. केला असता तर बरं, असं वाटावं इतक्या आपुलकीनं म्हणाला, "जावा, बदलून घ्या." सीमाभागात दोन भाषांत अपमान होतो, एका भाषेत कुणाचं भागतच नाही.

तरीही मी बदलला नसता. बदलायला लावलं ते घोंघाव्यानं. तीन हजार आरपीएमला, म्हणजे नेमकं ज्या वेगानं माणूस निवांत प्रवास करतो तिथं, गाडीच्या आत एक हुंकार सुरू व्हायचा. बाहेरच्यांना नाही, फक्त आत बसलेल्यांना. फायबरचं हलकं अंग तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं घुमायचं. हिच्या मांडीवर माहेरी न्यायचा कुंद्याचा डबा होता, त्याचं झाकण जांबोटीपर्यंत थडथडत राहिलं. "कानात गांधीलमाशी शिरलीय," म्हणत तिनं जांबोटीलाच गाडी थांबवली आणि खानापूरची बस पकडली. कुंदाही घेऊन गेली.

उद्यमबागेच्या मित्रानं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. चार सिलिंडर, एका फेऱ्यात दोन स्फोट. तीन हजार फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला शंभर ठोके. तापलेल्या धुरात आवाज सेकंदाला साधारण चारशे ऐंशी मीटर धावतो. त्याला चार गुणिले शंभरनं भागलं की एक मीटर वीस सेंटिमीटर. "एवढ्या लांबीची आंधळी पाइप जोड," तो म्हणाला. मुख्य पाइपातून एक फांदी काढायची आणि तिचं टोक वेल्डिंगनं बंद करायचं.

"बंद? मग धूर जाणार कुठं?"

"कुठंच जायचा नाही. आवाजाची लाट आत जायची, टोकावर आपटून परत यायची. येईस्तोवर उलटी झालेली असती, ती पुढच्या लाटेला खाती."

जाऊन आपटून परत यायचं म्हटल्यावर मला लगेच समजलं. आम्ही सीमाप्रश्नावरचा १९६७ चा महाजन अहवाल बघितलेली माणसं, आणि २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलेला दावाही. फक्त आमच्याकडच्या फेऱ्यांनी घोंघावा कमी झाला नाही.

मिस्त्रींनी अशी पाइप जन्मात घातली नव्हती. "पैसे देऊन बंद पाइप?" त्यांनी तीनदा विचारलं. गाडीखाली सव्वा मीटर सरळ जागा नव्हती, म्हणून ती काठीच्या मुठीसारखी वळवली. आणि घोंघावा खरंच गेला! मिस्त्री स्वतः शेजारी बसून मच्छे गावापर्यंत आले, तीन हजारावर काटा धरायला लावला, कान टवकारले आणि म्हणाले, "आयला."

मग पहाटेचा प्रश्न उरला. आरपारच्या डब्याच्या मागे एक छोटा खोल्यांचा डबा घातला, सुभेदारकाकांसाठी. पोलिसासाठी शेपटाचं तोंड जमिनीकडे वळवलं. आईसाठी तुळशीजवळ धूर येतो म्हणून ते पुन्हा उजवीकडे वळवलं. हिच्यासाठी सीटखाली नमदा अंथरला. माझ्यासाठी काय केलं, ते आठवायचा प्रयत्न करतो आहे. सगळा खर्च बावीस हजारांच्या वर गेला. जुना डबा तेवढा अजून गॅलरीत आहे. त्यात आईनं कोरफड लावली आहे.

गेल्या रविवारी अखेर गोव्याला निघालो. सहा वाजून पाच मिनिटांनी, काका फाटकात उभे राहून घड्याळ बघत असताना. गाडी मांजरीसारखी गेली. कणकुंबीला चहाला थांबलो. मलप्रभेचा उगम तिथलाच, धुकं उतरलेलं, पाऊस नुकताच थांबलेला. शेजारी बुलेटवर तीन-चार पोरं होती. त्यांच्या सायलेंसरांनी आम्ही यायच्या आधीच त्या डोंगराची झोप मोडलेली होती. एक पोरगा लाल गाडीभोवती फिरला, वाकून आत डोकावला, हात लावून पाहिला. मी चहा बाजूला ठेवून छाती पुढे काढली. विचारू दे, सगळं सांगतो, शंभर ठोक्यांपासून.

"काका," तो म्हणाला, "आलेली कळलीच नाही ओ. इलेक्ट्रिक हाय काय?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधी ही म्हणाली, "होय."