लिंबू, खाण्याचा सोडा आणि ‘ती’ ट्यूब

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. माहेरच्या, सोसायटीच्या, मुलीच्या शाळेच्या आणि आम्हा औषध दुकानदारांच्यासुद्धा. ‘महागड्या क्रीम विसरा’ अशी त्याची सुरुवात, आणि पुढे पाच उपाय. लिंबाचा रस नि खाण्याचा सोडा कालवून चेहऱ्याला लावा, ७ दिवसांत डाग जातील. पिंपलवर रात्री टूथपेस्ट लावा. पिंपल मळामुळे येतात, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने तोंड धुवा. आपल्या सावळ्या त्वचेला सनस्क्रीनची गरजच नाही. आणि एवढं करूनही फरक पडला नाही तर मेडिकलमधून अमुक ट्यूब आणा, ‘चिठ्ठी लागत नाही’.

मी २२ वर्षं तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात उभी आहे. हे पाचही उपाय करून काउंटरवर आलेले चेहरे मी पाहिलेत, म्हणून हे उत्तर.

आधी लिंबू. आपल्या त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) साधारण ४.५ ते ५.५ असतो, लिंबाच्या रसाचा २ ते २.५. माती तपासून आणणाऱ्या शेतकऱ्याला सामू समजावून सांगावा लागत नाही: एक अंक खाली गेला की आम्लता दहापट वाढते. म्हणजे लिंबाचा रस त्वचेपेक्षा किमान शंभरपट आंबट. सोड्याचं पाणी बरोबर उलट्या टोकाला, ८ च्या वर. दोन्ही एकत्र केले की फसफसतं आणि बघणाऱ्याला वाटतं, मळ निघतोय. तो फेस निव्वळ कार्बन डायऑक्साइडचा. वाटीत दोघं एकमेकांना मारतात आणि जे जास्त पडलं असेल ते गालाला चरचरतं.

याहून वाईट म्हणजे लिंबू आणि ऊन एकत्र येणं. आपल्या कागदी लिंबाच्या रसात आणि त्याहून जास्त सालीच्या तेलात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की दीड-दोन दिवसांनी त्वचा भाजल्यासारखी लाल होते, कधी फोड येतात आणि मग काळा डाग उरतो. गेल्या मे महिन्यात बारावीची परीक्षा दिलेली एक मुलगी आईबरोबर आली होती. गालापासून मानेपर्यंत तपकिरी ओघळ. रस जसा ओघळला होता तसाच, थेंबासारखं टोक असलेला. लिंबू लावून ती गच्चीत पापड वाळत घालायला गेली होती. डाग घालवायला लावलेल्या लिंबाने दिलेला तो डाग पुसट व्हायला दिवाळी उजाडली.

टूथपेस्टचं थोडक्यात सांगते. तिच्यातला मेंथॉल गार वाटतो आणि फेस आणणारं रसायन त्वचा कोरडी करतं, म्हणून सकाळी पिंपल सुकल्यासारखं दिसतं. भोवतालची कातडी सोलते, लाल होते, आणि सावळ्या रंगावर तिथेच डाग धरतो. टूथपेस्ट दातांसाठीच राहू द्या.

मळाचा मुद्दा मला जास्त लागतो, कारण त्यात मुलींना घाणेरडं ठरवलं जातं. ‘नीट तोंड धुत नाही म्हणून आलंय’ असं आई दुकानात सगळ्यांसमोर म्हणते आणि पोरगी मान खाली घालते. ताई, पिंपल मळामुळे येत नाहीत. वयात येताना हार्मोनमुळे तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्राच्या तोंडाशी मृत पेशींचं बूच बसतं आणि आत जंतू वाढून सूज येते. हे सगळं त्वचेच्या आत घडतं, तिथे साबण पोचत नाही. उलट अंगाच्या साबणाचा सामू बहुधा ९-१०. दिवसातून सहा वेळा लावला तर त्वचेचं वरचं आवरणच खरवडलं जातं. सौम्य फेसवॉशने दोनदा धुणं पुरे.

सनस्क्रीनच्या दाव्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, आपलं खरोखर रक्षण करतं. आपण गोऱ्या लोकांसारखे पटकन भाजत नाही आणि त्वचेचा कर्करोगही आपल्यात कमी आढळतो. पण आपला त्रास वेगळा आहे: वांग आणि पिंपलनंतर राहणारे डाग. उन्हाने तेच गडद होतात, आणि उन्हातले यूव्हीए किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात. वांग असलेल्यांना तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही बाधतो. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन मिळतं. एसपीएफ ३० पुरतं. नीट लावलं तर ते यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या, किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं घ्यायचं, उन्हात असाल तर दोन तासांनी पुन्हा. परवडत नसेल तर छत्री आणि रुंद काठाची टोपी घ्या. कांदा काढायला जाणाऱ्या बायका पदराने अर्धा चेहरा बांधून घेतात, तेही मोठं संरक्षण आहे.

आता ती ट्यूब. मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच.

गोरं करणारी म्हणून मागितली जाते त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, कातडी सोलणारं ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड असतं. काही जण निव्वळ स्टिरॉइडचीच ट्यूब नेतात. स्टिरॉइड सूज दाबतं, रक्तवाहिन्या आकसवतं, रंग तयार होणं मंदावतं. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा खरोखर उजळतो, आणि त्यामुळेच माणूस फसतो. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, गालांवर लाल शिरांचं जाळं दिसतं, हनुवटीवर लव वाढते, पिंपल उसळतात. घाबरून बंद केलं की चेहरा लालभडक होऊन आग होते. पुन्हा लावलं की शांत. म्हणून सोडवत नाही. जांघेतल्या नायट्याला हीच ट्यूब लावणारे तर रोज येतात. खाज थांबते, बुरशी आत पसरत राहते.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइड औषधांच्या ‘शेड्यूल एच’ या यादीत आणली. म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी लागतेच. तरी ती काउंटरवरून सुटतात, हे आमच्या व्यवसायाचं पाप आहे. सुरुवातीची काही वर्षं मीही दिलेली आहेत. एक बाई लग्नाला चार महिने असलेल्या मुलीसाठी दर पंधरा दिवसांनी ट्यूब न्यायच्या आणि मी कधी विचारलं नाही, कशाला हवी. लग्नानंतर ती मुलगी स्वतः आली, तोंडाला ओढणी बांधून. तेव्हापासून चिठ्ठीशिवाय मी ती ट्यूब देत नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, जाऊ दे.

घरात अशी ट्यूब असेल तर आत्ता बघा. बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव असेल आणि महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावत असाल, तर एकदम बंद करू नका. ट्यूब पिशवीत घालून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ते टप्प्याटप्प्याने सोडवतात. जिल्हा रुग्णालयातही दाखवता येतं. जाताना ट्यूब न्याच, कारण ‘पांढरी, निळ्या झाकणाची’ एवढ्या वर्णनावरून डॉक्टरांना आत काय आहे ते कळत नाही.