'मॅडम, तुमच्यासाठी करून देतो' म्हणे

आत्ताच घरी आलेय, पिशव्या अजून ओट्यावरच पडल्यात, पण हे लिहिल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. मुलुंडमधलं एक मोठं दुकान, नाव लिहीत नाही, वाणसामानापासून बादल्यांपर्यंत सगळं एकाच छपराखाली. दारात हा एवढा बॅनर, महाबचत. आत रॅकला पिवळं कार्ड, त्यावर लाल अक्षरात सूर्यफूल तेल 5 लिटर, 699. मी फोटो काढून वहिनीला व्हॉट्सॲप केला, तुला एक कॅन आणू का म्हणून. आणि काउंटरवर रेट लागला 785.

माझ्या पुढे एक काका होते. सत्तरीचे असतील. हातात चिठ्ठी, त्यावर पेन्सिलने प्रत्येक वस्तूपुढे रेट लिहिलेला, खाली बेरीज मारलेली, आणि तेवढेच पैसे शर्टाच्या खिशात घडी करून. त्यांनीही तोच कॅन घेतलेला. टोटल जास्त आली. काकांनी एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा चिठ्ठीकडे, आणि ढिगातून राजगिऱ्याच्या लाडवांचं पाकीट बाजूला काढून म्हणाले, हे राहू दे. तेलाबद्दल चकार शब्द नाही. नोटा दिल्या आणि गेले.

मग माझा नंबर. मी म्हटलं अगं तिकडे 699 लिहिलंय. "मॅम सिस्टीममध्ये हाच रेट येतोय." सुपरवायझर आले, म्हणे ऑफर काल संपली, टॅग काढायचा राहिला. आणि ते माझ्याशी हे बोलतायत तोवर एक पोरगा पळत जाऊन रॅकवरचं कार्ड ओढून काढतोय, माझ्या डोळ्यांदेखत! मी म्हटलं काढ रे काढ, फोटो आहे माझ्याकडे. त्यावर साहेबांचा आवाज एकदम लोण्यासारखा. "मॅडम, तुमच्यासाठी करून देतो."

माझ्यासाठी??? स्वतःच्या खिशातून देतोयस का रे बाबा?

मी विचारलं, आत्ता जे काका गेले त्यांचं काय? तर म्हणतो, "ते काही बोलले नाहीत ना."

हे वाक्य डोक्यातून जातच नाहीये. म्हणजे रेट कार्डावरचा नाही आणि सिस्टीममधलाही नाही, जो तोंड वाजवेल त्याला 699, जो भिडस्त आहे त्याला 785. चारचौघात कॅश काउंटरला वाद घालायची आपल्याला लाज वाटते, त्या लाजेवर ह्यांचा धंदा चाललाय. आणि काढायचा राहिलेला टॅग नेहमी कमी रेटचाच कसा असतो हो? जास्त रेटचा टॅग राहिलाय आणि बिल कमी आलंय असं तुमच्यापैकी कोणाच्या बापजन्मात झालंय का, खरं सांगा.

हो, एमआरपीपेक्षा कमीच घेत होते, मान्य. वकील मंडळी येऊन सांगतील की रॅकवरचा रेट म्हणजे कराराच्या भाषेत नुसतं आमंत्रण, दुकानदार त्याला बांधील नाही. असेल बुवा. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल लिहिलंय ना, आणि 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियमावली काढली त्यात तर सरळ आहे की जाहिरातीतल्या किमतीला माल विकायची शक्यताच नसेल तर नुसतं गिऱ्हाईक ओढायला तशी जाहिरात करायची नाही. काल संपलेल्या ऑफरचं कार्ड आज लावून ठेवणं म्हणजे दुसरं काय आहे? कपड्यांच्या दुकानांची तर वेगळीच तऱ्हा, फ्लॅट 40 टक्के म्हणायचं आणि बिलात वरून टॅक्स लावायचा. एमआरपीत सगळे टॅक्स धरलेले असतात, सूट दिलेल्या किमतीवर परत टॅक्स लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2017 मध्येच सांगून झालंय. तेव्हा व्हॅट होता, आता जीएसटी आहे, सवय तीच.

पण दुकानापेक्षा जास्त राग मला मागच्या लाईनचा आला. "मॅडम, 86 रुपयांसाठी किती वेळ?" अहो, तुमच्या ट्रॉलीतही तोच पिवळ्या कार्डवाला कॅन आहे! मी तुमचेही 86 वाचवतेय! ह्याच मुंबईत 1972 साली मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर महागाईविरुद्ध उतरल्या तेव्हा घराघरातल्या बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. नंतर 1975 ला मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आमच्या आईचं महिन्याचं सामान तिथूनच यायचं. आणि आपण? एसीत उभं राहून घड्याळ बघतोय.

काउंटरवरच्या मुलीला मात्र कोणी बोलू नका हं. मीच आधी आवाज चढवला होता तिच्यावर. बिल देताना हळूच म्हणाली, मॅम आम्ही रोज सांगतो वर, कोणी ऐकत नाही. सकाळपासून उभी असेल, बसायला स्टूलसुद्धा नव्हतं. शिव्या तिने खायच्या आणि 86 रुपये जाणार दुसऱ्याच कोणाच्या गल्ल्यात.

आणि ते काका... बोलले नाहीत कारण त्यांना वाटलं असणार आपणच चष्म्यातून चुकीचं वाचलं. मी खाली उतरून रिक्षा स्टँडपर्यंत बघून आले, दिसले नाहीत. चिडचिड त्याचीच जास्त होतेय.

असो. 1915 वर तक्रार टाकलीये, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, कार्डाचा फोटो आणि बिल दोन्ही हाताशी आहे. त्यांनी दाद दिली नाही तर जिल्हा आयोग आहेच, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. पूजाताई, तू मागे मिक्सरच्या ऑफरबद्दल रडत होतीस ना, बिल ठेवलं असशील तर उद्या फोन कर, दोघी बसून तुझीही तक्रार भरून टाकू. मुलुंड-भांडुपवाल्यांनो, असं पिवळं कार्ड तुम्हालाही भेटलं असेल तर बिलाच्या फोटोसकट इनबॉक्समध्ये टाका. आणि "वहिनीचा कॅन आणलास का" असं विचारणाऱ्यांसाठी, हो, आणलाय, 699 लाच.