सिंगल-प्लेन मॅनिफोल्ड प्रत्येक मसल कारला मानवतो का?

जुन्या अमेरिकी मसल कार (मोठ्या इंजिनाच्या जोरदार गाड्या) हौसेने सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे हातोहात फिरतो आहे. कारखान्यातून आलेला बिडाचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणारा नळ्यांचा भाग, काढून टाका, त्याजागी ॲल्युमिनियमचा सिंगल-प्लेन (सगळ्या नळ्या एकाच पोकळीत उघडणारा) बसवा आणि वर 750 सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा जाऊ देणारा) कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, ठेवा, म्हणजे गाडी सगळ्याच वेगांना जास्त जोराने पळेल, असे तो सांगतो. आखूड व सरळ नळ्यांमुळे हवेला अडथळा कमी होतो आणि शर्यतीच्या गाड्यांवरही हाच मॅनिफोल्ड असतो, अशी कारणे त्याला जोडली जातात. हा सल्ला मला घातक वाटतो, कारण तो मानून लोक पैसे खर्च करतात आणि चांगली चालणारी गाडी बिघडवून घेतात. शेव्हरोलेचे 350 घन इंचांचे व्ही-8 इंजिन समोर ठेवून तो तपासू.

आखूड, सरळ नळीतून हवा कमी अडथळ्याने जाते, हे खरे आहे. पण सिलिंडर भरण्यासाठी तेवढे पुरत नाही. इंजिन 2000 आरपीएमवर (मिनिटाला 2000 फेऱ्यांवर) असताना रुंद आणि आखूड नळीतल्या हवेला वेगच येत नाही, पेट्रोलचे थेंब हवेतून सुटून नळीच्या तळाला चिकटतात आणि मिश्रण काही सिलिंडरांत पातळ तर काहींत दाट पोहोचते. शिवाय व्हॉल्व्ह उघडताना आणि मिटताना नळीत दाबाच्या लहरी मागे-पुढे धावतात. लांब नळीत त्या कमी आरपीएमवर आणि आखूड नळीत जास्त आरपीएमवर सिलिंडर भरायला मदत करतात. 1960 च्या क्रायसलर 300-एफ या गाडीने हे स्वच्छ दाखवून दिले होते. तिच्या 413 घन इंचांच्या इंजिनावर सुमारे 30 इंच लांब नळ्यांचा मॅनिफोल्ड होता आणि त्यातून 2800 आरपीएमवर 495 पौंड-फूट टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळत असे. ज्यांना अधिक अश्वशक्ती हवी होती त्यांच्यासाठी क्रायसलरने नळ्यांमधली आतली भिंत अंशतः काढून त्यांची परिणामकारक लांबी जवळजवळ निम्मी केली. तेव्हा अश्वशक्ती 375 वरून 400 वर गेली, पण टॉर्क 465 पर्यंत उतरला आणि त्याचे शिखर 3600 आरपीएमवर सरकले.

आता कारखान्याचा मॅनिफोल्ड ज्या प्रकारचा असतो तो ड्युअल-प्लेन म्हणजे नेमके काय, हे पाहायला हवे, कारण त्याला ‘जुनाट’ म्हणणारे बहुतेक जण त्याची रचना विचारातच घेत नाहीत. शेव्हरोलेच्या या 350 इंजिनाचा प्रज्वलनक्रम, म्हणजे सिलिंडरांत मिश्रण पेटण्याचा क्रम, 1-8-4-3-6-5-7-2 असा आहे. ड्युअल-प्लेनमध्ये कार्ब्युरेटरखालची पोकळी दोन भागांत विभागलेली असते आणि क्रमातला एकाआड एक सिलिंडर एका भागाला जोडलेला असतो: 1, 4, 6, 7 एकीकडे आणि 8, 3, 5, 2 दुसरीकडे. त्यामुळे प्रत्येक भागातून दर 180 अंशांनी एकच सिलिंडर हवा ओढायला लागतो, कार्ब्युरेटरला ठळक ओढ मिळते आणि तो कमी वेगातही पेट्रोल बिनचूक मोजतो. सिंगल-प्लेनमध्ये आठही नळ्या एकाच मोकळ्या पोकळीत उघडतात. शेजारीशेजारी असलेले 5 आणि 7 क्रमांकाचे सिलिंडर लागोपाठ प्रज्वलित होत असल्याने तिथे ते एकमेकांच्या वाट्याची हवा ओढतात. इंजिन 6000 च्या पुढे फिरत असेल, तर मोठ्या सामाईक पोकळीचा लाभ या तोट्यावर मात करतो, आणि ड्रॅग शर्यतीच्या गाडीवर सिंगल-प्लेनच योग्य ठरतो, हे मी निःसंकोच मान्य करतो.

प्रश्न एवढाच आहे की आपली गाडी त्या आरपीएमवर किती वेळ असते. मॅनिफोल्ड बनवणारी एडलब्रॉक कंपनी स्वतःच्या व्हिक्टर ज्युनियर या सिंगल-प्लेनची कार्यकक्षा 3500 आरपीएमपासून पुढे सांगते, तर परफॉर्मर आरपीएम या ड्युअल-प्लेनची 1500 ते 6500. मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर 3.08, टायरचा व्यास 26 इंच आणि टॉप गिअर थेट असेल, तर ताशी 60 मैलांना इंजिन सुमारे 2400 आरपीएमवर फिरते. म्हणजे महामार्गावर तासन्‌तास चालूनही ही गाडी त्या मॅनिफोल्डच्या कार्यकक्षेत शिरत नाही, आणि सिग्नलवरून निघतानाचा पिकअप आधीपेक्षा मंद होतो. गुणोत्तर 4.10 केले तरी आकडा 3200 च्या आतच राहतो.

शर्यतीचा दाखला देणाऱ्यांनी 1967 ते 1969 ची कॅमारो झेड/28 आठवावी. ट्रान्स-ॲम शर्यतीच्या 305 घन इंचांच्या मर्यादेत बसावे म्हणून घडवलेले तिचे 302 इंजिन 7000 आरपीएमपर्यंत फिरत असे, आणि तरीही कारखान्याने त्यावर ॲल्युमिनियमचा उंच ड्युअल-प्लेन बसवला होता. इतक्या चढ्या आरपीएमच्या इंजिनाला जो पुरला, तो बाजारहाटाला जाणाऱ्या 350 ला अपुरा पडतो, हे मला पटत नाही.

कार्ब्युरेटरचा हिशेब सोपा आहे. घन इंचांना आरपीएमने गुणून 3456 ने भागले की कमाल हवा मिळते: 5500 वर 557 सीएफएम, आणि सिलिंडर 85 टक्के भरतात असे धरल्यास 473. म्हणजे साध्या 350 ला 600 चा कार्ब्युरेटर भरपूर झाला. जनरल मोटर्सच्या गाड्यांवरचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर 750 चा असूनही उत्तम चालतो, कारण त्याची पुढची दोन तोंडे लहान आहेत आणि मागच्या मोठ्या तोंडांवरची झडप इंजिनाच्या गरजेपुरतीच उघडते. मात्र तो स्प्रेड-बोअर (लहान-मोठ्या तोंडांचा) असल्याने स्क्वेअर-बोअर (चारही तोंडे सारखी असलेल्या) मापाच्या मॅनिफोल्डवर थेट बसत नाही.

कार्ब्युरेटरखालून जाणारा गरम एक्झॉस्टचा मार्ग बंद करावा, असेही याच सल्ल्यात असते. उन्हाळ्यात थंड मिश्रणाचा फायदा होतो. अमेरिकेतल्या मिशिगनच्या थंड नोव्हेंबरमध्ये मात्र तोच मार्ग थंड इंजिनाला लवकर सुरळीत करतो, त्यामुळे निर्णय हवामान पाहून घ्यावा.

आणि काढलेला बिडाचा मॅनिफोल्ड भंगारात देऊ नये. जनरल मोटर्सच्या ओतकामावर महिन्याचे अक्षर, दिवस आणि वर्ष उमटवलेले असते, आणि मूळ भागांची गाडी पारखणारा ग्राहक ते अक्षर शोधतो.

नवा मॅनिफोल्ड घेण्यापूर्वी तो ज्यावर बसतो त्या सिलिंडर हेडचे बोल्ट तपासावेत: 1987 पासूनच्या बिडाच्या हेडवर मधल्या बोल्टांचा कोन बदलला आणि 1996 च्या व्होर्टेक नावाच्या हेडवर बारांऐवजी आठच बोल्ट आले, म्हणून जुन्या मापाचा मॅनिफोल्ड त्यांवर बसत नाही. नवा मॅनिफोल्ड बोनेटखाली मावेल का हे पाहण्यासाठी जुन्याच मॅनिफोल्डवरच्या एअर क्लीनरवर मातीचे गोळे ठेवून बोनेट हलकेच मिटावे आणि उघडून गोळ्यांची जाडी मोजावी. नवा मॅनिफोल्ड जुन्यापेक्षा जितका उंच, त्याहून ती जाडी जास्त भरली पाहिजे.