प्रति झाड किती?

काल शिकागोच्या उपनगरात, मित्राच्या अंगणात, माझा जो पाणउतारा झाला तो अजून पचलेला नाही. जून 2024. झाडोझाडी लाल डोळ्यांचे सिकाडा नावाचे कीटक. 17 वर्षांनी मातीतून वर येणाऱ्या तीन जाती इथे एकदमच निघतात आणि वरून तिन्ही काळ्याच. ओळख पटते ती पोटावर: रुंद केशरी पट्टे असले तर सेप्टेनडेसिम, बारीक रेघा असल्या तर सेप्टेनडेक्युला, काळंभोर असलं तर कॅसिनी. एक अलगद उचलून मी उताणा करतोय, तोच मित्राचे वडील आले. कृषी खात्यातून निवृत्त.

"प्रति झाड किती?"

"काय काका?"

"अरे, आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली का? म्हणजे फवारणी परवडेल इतकी कीड झाली का?"

"ही कीड नाही हो. चावत नाही, पानं खात नाही."

"अंडी कुठे घालते?"

"कोवळ्या फांद्यांना चिरा पाडून."

"मग कीडच की!" माझ्या चिमटीतून त्यांनी तो काढून घेतला, चष्मा कपाळावर चढवला. "तुडतुडा आहे. अमेरिकेतला, म्हणून थोराड."

"काका, तुडतुडा कसा असेल?"

"सोंड बघ. रस शोषणारी कीड."

संताप याचा, की सिकाडा आणि पिकांवरचे इवले तुडतुडे खरोखरच भाऊबंद आहेत. इतक्या ठसक्यात बोलणारा माणूस वर अर्धा बरोबर निघावा?

"निदान पट्टे तरी बघू द्या," म्हटलं. त्यांनी मूठ उघडली. उडाला.

मग आवाजावर आलो. सेप्टेनडेसिम लांब सूर धरून शेवटी खाली सोडतो, कॅसिनी आधी टिकटिकतो, मग किरकिरतो. काका म्हणाले, "सगळेच ओरडतायत, कुणाचं ऐकायचं?" (महाराष्ट्र मंडळाच्या सभेत हे वाक्य कुणी का बोलत नाही?)

यांची मागची पिढी 2007 साली वर आली होती. मी अमेरिकेत आलो तेही त्याच वर्षी. त्यांची पिल्लं मातीत शिरली, मी ग्रीन कार्डाच्या रांगेत. पिल्लं वेळेवर बाहेर आली. मुळांचा रस चोखत बसायला त्यांना दर तीन वर्षांनी कागद नवे करावे लागत नाहीत, वकिलाची फी नाही. आणि "अजून नाही झालं तुझं?" असं काका त्यांना विचारत नाहीत.

रात्री ग्रुपवर फोटो आला: काका, सिकाडा आणि माझा कोपरापर्यंतचा हात. खाली ओळ, 'काकांनी तुडतुडा ओळखला!' अंगठ्यांचा पाऊस. मी पट्ट्यांवर तीन परिच्छेद लिहिले. त्यावर एकच उत्तर, काकांचं:

"5 टक्के निंबोळी अर्क. इथे कुठे मिळेल? उद्या दहाला गाडी घेऊन ये."