वर्षभराचा विजेता?

आज जेवणाच्या सुट्टीत एका तरुण सहकाऱ्याने मुष्टियोद्धा बॅरी मॅग्विगनला, जागतिक किताब त्याच्याकडे जेमतेम वर्षभर राहिला म्हणून, ‘वर्षभराचा विजेता’ म्हणत निकालात काढले. हे बेलफास्टमध्ये बसून ऐकावे लागले, याचा संताप अजून उतरलेला नाही.

आमच्या शेजारच्या आजोबांनी त्याच्या लढती इथल्या किंग्ज हॉलमध्ये पाहिल्या आहेत. ते दिवस उत्तर आयर्लंडमधल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षाचे, बॉम्बस्फोटांचे होते आणि नावावरून माणूस कॅथलिक की प्रोटेस्टंट हे ओळखले जाई. अशा एका रात्री शेजारच्या खुर्चीवरील अनोळखी माणसाने त्यांना आपल्या फ्लास्कमधला चहा दिला. दोघे लढत संपेपर्यंत बोलत राहिले, पण एकमेकांचे नाव मात्र त्यांनी विचारले नाही. आडनाव कशासाठी विचारतात, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

मॅग्विगन म्हणजे उत्तर आयर्लंडच्या सीमेलगतच्या क्लोन्स गावचा कॅथलिक मुलगा, आणि त्याची पत्नी प्रोटेस्टंट. रिंगमध्ये तो कोणत्याही बाजूचा झेंडा न मिरवता शांततेच्या कबुतराचे चिन्ह घेऊन उतरला आणि राष्ट्रगीताऐवजी त्याचे वडील पॅट दोन्ही बाजूंना आपले वाटणारे ‘डॅनी बॉय’ हे गाणे गायले. ८ जून १९८५ रोजी लंडनच्या लॉफ्टस रोड मैदानावर त्याने १९ वेळा जागतिक किताब राखलेल्या युसेबिओ पेद्रोसाला १५ फेऱ्यांत हरवले, आणि विजयाच्या त्या क्षणीही त्याने आठवण काढली ती १९८२ मध्ये आपल्याशी लढल्यानंतर मरण पावलेल्या यंग अली या मुष्टियोद्ध्याची. एवढे मन असलेल्या माणसाचे मोल महिने मोजून ठरवायचे?

लास व्हेगासच्या भाजणाऱ्या उन्हात २३ जून १९८६ रोजी तो स्टीव्ह क्रूझकडून हरला, हे मान्य. पण शेवटच्या फेरीत दोनदा कोसळूनही तो उठून उभा राहिला होता. आजोबा इथे टीव्हीसमोर जागे होते. तो फ्लास्कवाला माणूसही कुठेतरी जागा असेल, असे त्यांना राहून राहून वाटत होते.

पुढच्याच वर्षी मॅग्विगनचे वडील गेले. १९८८ मध्ये तो रिंगमध्ये परतला, पण ते जुने तेज दिसले नाही, हेही नाइलाजाने कबूल करतो. मे १९८९ मध्ये मँचेस्टरला जिम मॅकडॉनेलसमोर चौथ्या फेरीत जखमेमुळे लढत थांबली आणि अवघ्या २८व्या वर्षी त्याने हातमोजे उतरवले. ३५ लढतींत तीनच पराभव पत्करून, वेळेवर थांबला तो.

संध्याकाळी आजोबांना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. तो माणूस पुन्हा कधी भेटला नाही, त्याचे नावही ठाऊक नाही, पण चहात साखर फार होती, एवढेच म्हणाले.