समाजसेविका ताई व्हायचंय? मग एवढं कराच

नाशिकच्या गंगापूर रोडला बंगला, पिंपळगावकडं द्राक्षबाग, अंबडला कारखाना एवढं असलं की समाज बदलायला तुम्ही निम्म्या तयार आहात. उरलेलं मी सांगते.

फाउंडेशन काढा. नाव सासूबाईंचं. त्या हयात असतील तर फोटोला हार तेवढा घालू नका.

अध्यक्ष तुम्ही, चेकवर सही साहेबांची.

पैसा स्वतःचा घालायचं काही कारण नाही. २०१३च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चावेच लागतात. जे कायद्यानं द्यावंच लागतं त्यालाच बॅनरवर ‘दातृत्वाचा वारसा’ म्हणायचं.

आता कार्यक्रम. जागा पेठ, सुरगाणा नाहीतर हरसूलकडची बघा; शहरातली झोपडपट्टी फोटोत तेवढी खुलत नाही. आमच्या वसतिगृहाचंच उदाहरण घ्या. आम्ही लेखी अर्ज दिला होता, कोटेशन जोडून. मुलींच्या संडासाला दारं हवीत आणि वर पाण्याची टाकी. बस. गेल्या महिन्यात ताई आल्या. वेळ अकराची, आल्या दीडला. पोरी सकाळपासून लेझीम धरून उन्हात. एकीला चक्कर आली तर सोबतच्या माणसानं तिला फ्रेमच्या बाहेर बसवायला सांगितलं. मग वाटप झालं, ‘सक्षमीकरण किट’चं. म्हणजे ताईंचा फोटो छापलेली पिशवी, आत वही, पेन, कंगवा आणि आरसा. वर पाऊण तास भाषण, ‘मुलींनो, मोठी स्वप्नं बघा.’ अहो, पोरी अंधारात डबा घेऊन ओढ्याला जातात, स्वप्नं कसली बघताय! टाकीचं विचारलं तर उत्तर आलं, ‘ते यंदाच्या थीममध्ये बसत नाही.’ मंडप बसला थीममध्ये, ड्रोन बसला, पाहुण्यांचं मांडे-पुरणाचं जेवण बसलं. दारं नाही बसली. शेवटी ताईंना ‘वॉशरूम’ला जायचं होतं. आम्ही नेऊन दाखवलं. दोन मिनिटांत गाड्या नाशिककडं सुटल्या.

भाषणात अहिल्यादेवी आणायला विसरू नका. चांदवडचा रंगमहाल आपल्याच जिल्ह्यात आहे, तिथं फोटोही चांगले येतात. फक्त त्यांच्या दानधर्माला पैसा कुठून यायचा हे सांगत बसू नका. होळकरांच्या खासगीची जहागीर १७३४ साली गौतमाबाईंच्या, म्हणजे त्यांच्या सासूबाईंच्या नावानं मिळाली, पुढं ती अहिल्यादेवींकडं आली. दौलतीचा खजिना वेगळा, ही मिळकत वेगळी. तिचा हिशोब त्या स्वतः बघायच्या. साहेबांना विचारून येते, असं काशीच्या पुजाऱ्यांना त्यांनी सांगितल्याचं ऐकिवात नाही.

महिला दिनाला ‘लेक वाचवा’वर बोला. घरी मात्र नणंदांची हक्कसोड पत्रं आधी नोंदवून घ्या. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतकाच हिस्सा आहे, आणि दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात नसले तरी तो मिळतो, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगून टाकलंय. असेना का. भाऊबीजेला येवल्याची पैठणी द्यायची आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सही घ्यायची. नणंद ‘माहेर तुटायला नको’ म्हणत सही करतेच. तुम्हीही तुमच्या भावांना करून दिलीच असेल.

आणि ह्या म्हणे संपत्तीतून परिवर्तन घडवणाऱ्या स्त्रिया! ताई, तुमच्या नावावर काय आहे हो? सातबाऱ्यावर नाव आहे? फाउंडेशनचं पासबुक कधी हातात घेतलंय? घरात पाच हजारांचा खर्च स्वतःच्या सहीनं करता येत नाही आणि आमच्या पोरींना स्वावलंबन शिकवायला येता. लाज वाटू द्या थोडी. आधी नणंदांची कागदपत्रं परत फिरवा, घरात भांडा, चेकबुक ताब्यात घ्या, मग या, पोरी स्वतः लेझीम खेळतील.

आणि ते जमत नसेल तर निदान आमचा अर्ज वाचा. दारं सहा, टाकी हजार लिटरची.